डोकी मोजणारे बापू

स्मशानातून परत निघताना आमचे बापू मुकादम माणसं मोजतात.

मयताला गेलेली मंडळी हातपाय धुऊन, आपापल्या चपला शोधून गावाकडे वळली की बापू वाटेवर आडवे उभे राहतात आणि हवेत बोट नाचवत एकेकाला पुढे सोडतात. दर वेळी एक कमी भरतो. येताना सत्तावीस होते, जाताना सव्वीस. बापूंच्या कपाळाला आठ्या पडतात, ते मागे वळून बघतात, आणि मग कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगतं, "बापू, त्याला ऱ्हाऊ द्या. तो काय आता येत न्हाई." बापूंना हे कळत नाही असं नाही. पण पटत नाही.

पाथर्डीजवळच्या आमच्या गावात मी प्राथमिक शाळेत गुरुजी आहे आणि बापूंचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. दुपारी पोरं खिचडी खायला बसली की भिंतीवरून एक फेटा वर येतो. "गुरुजी, दोन कमी हायत." मी हजेरी बघतो, पोरं बघतो, आणि दोन कमीच असतात. मग बापूच सांगतात, "चिंचंवर हायत. हाळी मारा." पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. लग्नाच्या पंगतीत, ग्रामसभेत, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे बापूंचं बोट चालू असतं. पाथर्डीच्या एसटीत तर त्यांनी एकदा कंडक्टरला थांबवून विचारलं होतं, "मघाशी एक म्हातारी चढली हुती, ती कुठं गेली?" म्हातारी मागच्या सीटवर गाठोड्यामागे झोपली होती. तिला उठवून, दाखवून, मगच गाडी हलली.

बापू तीसेक हंगाम ऊसतोडीचे मुकादम होते. दिवाळी झाली की आमच्या भागातली घरंच्या घरं कुलपं लावून ऊस तोडायला निघतात. त्यांची टोळी जमवायची, ट्रकमध्ये घालून कारखान्याच्या फडावर उतरवायची आणि उन्हाळा लागला की परत घरी आणायची, हे मुकादमाचं काम. मुकादमांबद्दल आमच्याकडे फारसं चांगलं बोललं जात नाही आणि त्यात खोटंही फारसं नाही. बापूंनाही मी धुतल्या तांदळासारखं म्हणणार नाही. तोंडात शिव्या होत्या, आणि आजाऱ्याला फडावर उभं केल्याच्या एक-दोन गोष्टी गावात अजून निघतात. पण बापूंच्या टोळीतलं माणूस वाटेत हरवलं असं कधी झालं नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करायचे. निदान आम्ही तसं ऐकून होतो.

आता ते काम सोडूनही बारा वर्षं झाली. टोळी गेली, मोजणी तेवढी राहिली.

तर या बापूंबरोबर मला रात्रभराचा रेल्वेचा प्रवास करावा लागला.

त्यांचा मुलगा संजय हा माझा विद्यार्थी. झाशीला रेल्वेत नोकरीला आहे. त्याची बायको बाळंत व्हायची होती आणि तिला आई नाही, म्हणून कौसाकाकूंनी, म्हणजे बापूंच्या बायकोनं, तिकडे जायचं ठरवलं. दिवाळीची सुट्टी होती. संजयनं फोन करून गळ घातली, "गुरुजी, आई-बापूंना तुम्ही आणून सोडा. तुम्हाला किल्ला दाखवतो." माझ्या बायकोनं मी हो म्हणायच्या आत हो म्हटलं.

काकू होळीपर्यंत तिकडेच राहणार आणि बापू चार दिवसांनी माझ्याबरोबर परत येणार, असं ठरलं होतं. ठरवलं काकूंनी. संजयची खोली एकच, शिवाय घरी शेळ्या. "बाळंतिनीच्या खोलीत मुकादमाचं काय काम?" काकू म्हणाल्या. "घटकंघटकंला बाळ मोजीत बसत्याल."

लग्न झाल्यापासून या दोघांनी वेगळा मुक्काम केल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. बापूंना गॅस पेटवता येत नाही. स्वतःचा फेटा खुंटीवर असला तरी तो काकूंनी दाखवावा लागतो. होळीला चार महिने होते. पण कुणी विषय काढला की बापू म्हणायचे, "मला काय हुतंय? मी निवांत हाय." निवांत माणूस दिवसातून वीसदा तसं सांगत नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्ही नगर स्टेशनातून स्लीपरच्या डब्यात चढलो. प्रवासात मला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे झोप. वरचा बर्थ माझा होता. उशी फुगवून मी तयारच होतो. खाली समोरासमोर बापू आणि काकू. बाकी भोपाळला निघालेलं पुण्याकडचं एक तरुण जोडपं, सुट्टी संपवून परत चाललेला एक जवान, बाजूच्या खालच्या बर्थवर एक गोरे, गोल, हसतमुख केळीचे व्यापारी, आणि त्यांच्या वर डोक्यापर्यंत चादर ओढलेलं कुणीतरी, ज्याचं तोंड आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही. त्या चादरीचं टोक उचलून बापूंनी आत एकच माणूस आहे ना, याची खात्री मात्र करून घेतली.

"आठ," बापू म्हणाले. मग त्या जोडप्याकडे बोट करून, ओळख वाढवावी म्हणून, खणखणीत आवाजात म्हणाले, "आमी कोयते मोजीत न्हाई. डोकी मोजतो."

ती मुलगी नवऱ्याच्या पाठीमागे सरकली. जवान उठून बसला. मला वरून खाली उतरावं लागलं. नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत एक कोयता म्हणतात, टोळ्या कोयत्यांवर मोजतात, हे गृहस्थ जुने मुकादम आहेत आणि यांच्याजवळ पानतंबाखू सोडून काही नाही, असं मी सविस्तर समजावून सांगितलं. मुलगी हसली. पण तिनं पर्स मांडीवर घेतली ती घेतलीच.

राहुरीला मोजणी झाली. श्रीरामपूरला झाली. कोपरगावला झाली. प्रत्येक स्टेशनात बापू दारात जाऊन उभे राहायचे, परत यायचे, आठ भरले की डब्याच्या पत्र्यावर तळहाताच्या दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "टोळी भरली, चला!" ट्रकची त्यांची जुनी पद्धत. थाप पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. कोपरगावला त्यांनी थाप मारली आणि त्याच क्षणाला गाडी हलली. बापूंनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

"बापू, आता जरा पडा की," मी वरून म्हटलं.

"पडतो. मला काय, मी निवांत हाय."

आणि उठून पुन्हा दाराशी. तिथून परत येऊन बाकाखाली वाकून बोचकी बघायची. मग काकूंच्या पायावरचं पांघरूण नीट करायचं, ते नीटच असायचं. मग खिडकी लावायची, मग उघडायची. काकू भिंतीकडे तोंड करून शांत पडल्या होत्या. मला आधी त्यांचा हेवा वाटला आणि नंतर रागच आला.

मनमाड येईपर्यंत मात्र आमचा सगळा कप्पा बापूंच्या हाताखाली आला होता. जवान चहाला उतरताना "बापू, दोन मिनिटात आलो" असं सांगून उतरला. त्या मुलीचा नवरा बाथरूमला जाताना करंगळी दाखवून गेला. केळीचे व्यापारी तर खुशीत आले होते. त्यांनी सगळ्यांना एकेक केळं दिलं, बापूंना दोन दिली आणि विचारलं, "बापू, तुम्हाला झोप येत नाही का हो प्रवासात?"

"मुकादम झोपला का टोळी हाललीच," बापू म्हणाले. "उतरायचं तर सांगून उतरायचं. मानूस मागं ऱ्हाता कामा न्हाई. बाकी काय ऱ्हाऊ दे."

साडेअकराच्या सुमाराला मला डोळा लागला. अखेर बापूंनाही बसल्या जागी डुलकी लागली असावी. कारण पुढचं जे झालं ते त्यामुळेच झालं.

भुसावळ आलं. केळीच्या व्यापाऱ्यांचं ते गाव. सगळे झोपलेत, आणि बिचारे बापूसुद्धा, हे पाहून त्या सज्जन माणसानं पायातल्या चपला हातात घेतल्या, बॅग उचलली आणि आवाज न करता ते उतरून गेले.

इथे बापूंची चूक समजून घेतली पाहिजे. कोण कुठे उतरणार, हे त्यांनी एकालाही विचारलं नव्हतं. टोळीत ते विचारायचं नसतं. एका ट्रकमध्ये चढलेली सगळी माणसं एकाच फडावर उतरतात, मधे कुणाचं गाव येत नाही. त्यामुळे बापूंच्या हिशेबी आम्ही आठच्या आठजण झाशीला निघालो होतो.

त्यांना जाग आली. सात भरले. ते दाराकडे धावले. व्यापारी फलाटावर चपला घालत होते. अडुसष्ट वर्षांच्या बापूंनी उडी मारली आणि त्यांचं मनगट धरलं.

"अहो बापू, माझं गाव आलं!"

"गाव? आन हंगाम?"

एवढ्यात गाडी हलली. थाप न मारता हलली. बापूंनी त्या गोल माणसाला मागून रेटा देऊन दारातून आत ढकललं. आवाजानं धडपडत उठलेल्या जवानाला वाटलं, कुणाची तरी गाडी सुटतेय, म्हणून त्यानं त्यांना आतून जोरात ओढून घेतलं. मागून बापू चढले, धापा टाकत आले आणि पत्र्यावर दोन थापा मारून म्हणाले, "भरली!"

मी डोळे उघडले तेव्हा केळीचे व्यापारी बर्थवर बसले होते, मांडीवर बॅग, एका पायात चप्पल. "माझी स्कूटर," ते म्हणत होते, "माझी स्कूटर स्टेशनाबाहेर आहे. घरी दार उघडं ठेवून बसलेत." बाहेर भुसावळचे दिवे मागे जात होते.

साखळी मी ओढली. चौथीच्या वर्गाला दर वर्षी सार्वजनिक मालमत्तेचा धडा शिकवणाऱ्या माणसानं ती दोन्ही हातांनी ओढली.

रेल्वेचा पोलीस आला. हातात टॉर्च, तोंडावर अपुरी झोप.

"साखळी कुणी ओढली?"

"मी."

"कारण?"

"या गृहस्थांना भुसावळला उतरायचं होतं."

"मग उतरले का नाहीत?"

"उतरले होते."

"मग?"

"परत चढवले."

"कुणी?"

आम्ही सगळ्यांनी बापूंकडे बघितलं. बापू पोलिसाच्या वहीकडे बघत होते. "सायेब, त्यात आठ नावं घाला," ते म्हणाले. "आजून सगळी हायत."

पोलिसानं माझं एकट्याचं नाव लिहून घेतलं, मला पुष्कळ सुनावलं, आणि व्यापाऱ्यांना उतरवून रुळाच्या कडेनं टॉर्चच्या उजेडात फलाटाकडे न्यायचं कबूल केलं. त्या माणसाचा मोठेपणा बघा. उतरताना ते बापूंना म्हणाले, "इतकी वर्षं या गाडीनं येतोय जातोय. मी उतरलो हे कुणाच्या ध्यानात आलेलं आज पहिल्यांदा बघतोय."

माझा मोठेपणा मात्र संपला होता. पोलिसाच्या वहीत माझं नाव गेलं होतं, झोप गेली होती, आणि सगळा डबा आमच्याकडे बघत होता. मी खाली उतरलो आणि बापूंना नको ते बोललो. "तुम्ही मुकादम होतात तेव्हा होतात. ही तुमची टोळी नाही. इथं कुणी कुणाचं नाही. ज्याचं गाव येईल तो उतरेल. तुम्हाला कुणी सांगितलंय मोजायला?"

बापूंनी मान खाली घातली. मग उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. गाडी हलली तरी थाप पडली नाही.

"गुरुजी, बसा," काकू म्हणाल्या.

त्या भिंतीकडे तोंड करूनच पडल्या होत्या. म्हणजे सगळा वेळ जाग्या होत्या. आता उठून बसल्या, पदर नीट केला आणि पायाशी मला जागा दिली.

"त्यास्नी कुनी सांगितलं मोजायला ते मी सांगते. तवा संजू पोटात हुता. टोळी घिऊन कर्नाटकात निगालो हुतो. रातचं एका धाब्यावं टरक थांबला. मी ज्वारीच्या वावरात गेल्ते. ह्येंनी कोयते मोजले. वीस भरले. थाप मारली."

"आणि तुम्ही?"

"मी कुटल्या कोयत्यात हुते, गुरुजी? ऊस तोडनारी जोडी म्हंजी कोयता. मुकादमाची बायको कशात मोजायची? मोजनीत मी न्हवतेच. मी वावरातनं आले तर टरकाचा मागचा लाल दिवा दिसला. हाळी मारली. पर टरकाफुडं मानसाचा आवाज काय पुरतोय."

काकूंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शेजारणीला कालच्या भाजीबद्दल सांगावं तसं त्या सांगत होत्या.

"रातभर धाब्याच्या बाजंवं बसले. धाबेवाला म्हातारा बरा मानूस. त्याची भाषा मला येईना, माजी त्याला. हे पोचले फडावर. सामान उतरलं, ऱ्हायाच्या कोप्या बांदायला घेतल्या, आन तान लागली म्हनून मला हाक मारली. तवा ध्यानात आलं. दिवस कासराभर वर आला तवा एका दुधाच्या टेम्पोतनं आले. मला वाटलं आता रडत्याल, न्हाईतर मलाच शिव्या देत्याल. तर उभं ऱ्हाऊन इचारतात काय, 'च्या पिली का?'"

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

"त्या दिसापून कोयते बंद. डोकी. टरक हालायच्या आदी पयलं माज्या डोक्याला हात लावायचं, 'एक', मंग बाकीची. फडावरची मानसं हसायची. आजून तसंच. मी झोपले असं वाटलं का येऊन पांघरूनाला हात लावून जात्यात. म्हनून मी झोपल्यावानी करते. म्या डोळं उघडलं का त्यास्नी लाज वाटती."

मला फार वाईट वाटलं. मी दाराशी गेलो. बापू दांडीला धरून उभे होते. वारा गार होता. "बापू, चुकलं माझं," मी म्हटलं. "आत चला. मोजून घ्या."

"तुमी बराबर बोलला, गुरुजी," बापू बाहेरच बघत म्हणाले. "ज्येचं गाव आलं त्यो उतरनार. तिचं उद्या येतंय."

त्या रात्री मी झोपलो नाही. खांडवा, इटारसी, भोपाळ, सगळी स्टेशनं आम्ही दोघांनी दारात उभं राहून बघितली. भोपाळला ते तरुण जोडपं उतरलं. उतरताना मुलगी आपणहून म्हणाली, "बापू, आम्ही दोघं उतरतोय हं. मोजणीत धरू नका." बापूंनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.

झाशीचे चार दिवस धावपळीत गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे संजयला मुलगी झाली. दवाखान्यात नर्सनं बाळ बापूंच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी आधी तिच्या डोक्याला बोट लावलं. मग मला म्हणाले, "गुरुजी, आजवर कमीच भरायचं. आज एक जास्ती भरलं." किल्ला मी एकट्यानं बघितला. बापू खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसून होते. काकू आत-बाहेर करायच्या, पाणी तापवायच्या, धुणं टाकायच्या, आणि दर खेपेला बापूंची मान त्यांच्याबरोबर आत-बाहेर फिरायची.

निघायच्या दिवशी काकू बाळाला मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या. बापूंच्या हातात पिशवी. पाया पडून झालं, सगळ्या सूचना देऊन झाल्या, तरी बापू उंबऱ्यापाशीच.

"जावा आता," काकू म्हणाल्या. "ह्या बारीला मी माज्या मनानं मागं ऱ्हातेय. घोर करू नका."

"मला कशाचा घोर?" बापू म्हणाले. पण पुढचं ते नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही.

संजयनं आम्हाला गाडीत बसवलं. त्याची रात्रपाळी होती, तो लगेच गेला. सात वाजले होते. गाडीला सिग्नल नव्हता. कप्प्यात हळूहळू माणसं आली, सामान लावलं गेलं, एक लहान मूल आमच्या बाकाखाली शिरलं आणि त्याची आई त्याला शोधत फिरली. बापूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणी चढलं, कुणी उतरलं, त्यांचं बोट हललं नाही. मला ते बघवेना. "बापू, किती झाले हो?" मी मुद्दाम विचारलं.

"असत्याल की," ते म्हणाले.

मग थोड्या वेळानं उठले. "पानी आनतो." मी बरं म्हटलं. पाण्याची बाटली खिडकीपाशी भरलेली उभी होती, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा गाडी हलली होती.

मी धडपडत दार गाठलं. बापू फलाटावर उभे होते, हात मागे बांधून.

"बापू! चढा! अहो चढा!"

ते गाडीबरोबर चालायला लागले. मी दांडी धरून वाकलो, हात पुढे केला. पण त्यांना चढायचं नव्हतं, बोलायचं होतं.

"गुरुजी, त्या टायमाला फडावर पोचल्यावर ध्यानात आलं हुतं," ते धापा टाकत म्हणाले. "आज गाडी हालायच्या आदी आलं."

"अहो पण राहणार कुठं तुम्ही?"

"कट्टा हाय की!" गाडीनं वेग घेतला. बापू मागे पडू लागले आणि तिथून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात ओरडले, "शेळ्या तेवड्या बगा! तांबडी भुसा खात न्हाई, तिला पाला लागतो!"

मी आत येऊन बसलो. समोर बापूंची पिशवी होती. तिच्यात त्यांचे सगळे कपडे. मला हसू येत होतं, आणि डोळेही भरून येत होते, आणि होळीपर्यंत दोन शेळ्या माझ्या गळ्यात पडल्या होत्या. काकूंना कळवायला पाहिजे होतं. त्या रागावतील अशी मला भीती वाटत होती. मी संजयच्या बायकोच्या फोनवर फोन लावला आणि काकूंना द्यायला सांगितलं.

"काकू, गाडी सुटली. पण बापू उतरले. तिकडंच यायला लागलेत."

पलीकडे स्टोव्हचा आवाज येत होता.

"पिशवी?" काकूंनी विचारलं.

"माझ्याजवळच राहिली."

"ऱ्हाऊ द्या. संजूचे घालत्याल." मग म्हणाल्या, "त्यांच्या वाटनीच्या दोन भाकरी मघाच थापून ठिवल्यात मी. येत्याल तवर गार हुत्याल, येवढंच."

आत बाळ रडायला लागलं, म्हणून त्यांनी फोन ठेवला.